तिसऱ्या हाकेपर्यंत

तंजावरहून कल्याणला तारमास्तर म्हणून आलो, तेव्हा वाटलं होतं की मराठी मुलखात चाललोय, म्हणजे घरीच चाललोय. गाडीतून उतरताच भ्रम फिटला. माझी मराठी ऐकून हमाल हसला आणि माझ्याशी हिंदुस्थानीत बोलू लागला. आठवड्याभरात मी गावाचा 'मद्रासी मास्तर' झालो. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणारा मी मद्रासी! तेव्हा राग यायचा, आजही येतो.

मला माणसांत घेतलं ते एकाच माणसाने. तो मालधक्क्यावर कारकून होता आणि माझ्याच आळीच्या टोकाला एकटा राहायचा. त्याला दम्याचा विकार होता. चार पावलं भरभर चालला की छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजायची. पण रात्रीचा नाद काही सुटत नव्हता. दिवेलागण झाली की तो दारात हजर. "चल रे मास्तर, खोलीत बसून काय अंडी घालतोस?"

त्याच्यामागून मी रात्रीचं कल्याण पाहिलं. बंदरावर तमाशाचा फड लागायचा, मशालींच्या उजेडात खलाशी फेटे उडवायचे. ताडीच्या दुकानापाशी डफ वाजायचा, तळ्याकाठच्या देवळात भजन रंगायचं. पण एका उजेडाकडून दुसऱ्याकडे जाताना मधे जो काळोख लागायचा, त्याची मला धास्ती वाटे. खाडीवरून धुकं सरपटत यायचं. फडात घसा फोडून ओरडणारी माणसं आळीत शिरली की एकदम गप्प होत. कुणी कुणाचं नाव घेत नसे. माझा दोस्तसुद्धा मला दारापाशी सोडून न बोलता पुढे जायचा.

का, ते घरमालकिणीने सांगितलं. ही मिठाच्या व्यापाऱ्याची विधवा, बोलायला फटकळ पण मायाळू. "मास्तर, रात्री हाक आली तर लगेच ओ देऊ नका. तीन हाका होऊ द्या. माणूस असेल तर तीनदा हाक मारील. बाहेरचं असेल ते एकदाच मारतं."

मी हसलो. दारी आलेल्याला दुसऱ्यांदा हाक मारायला लावणं हा आमच्याकडे उद्धटपणा. पुढे एका रात्री "मास्तर" अशी हाक आली आणि मी ताडकन उठून दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. आळीतली सगळी दारं बंद, आणि प्रत्येक दारामागे कुणीतरी जागं आहे असं मात्र वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दोस्ताला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "अख्ख्या आळीत पहिल्या हाकेला उठणारा तू एकटाच रे!"

त्याच संध्याकाळी मला ताप भरला. बारा दिवस उतरला नाही. खाडीकाठचा हिवताप, दुसरं काय? दिवसा मला हे पटायचं. रात्री पटायचं नाही. बरा झाल्यावर मीही तीन हाका मोजू लागलो. दोस्ताला मात्र हे सांगितलं नाही. इंग्रजी शिकलेला माणूस भुताला भ्याला, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

थंडीतली गोष्ट. फडाचा शेवटचा दिवस होता. माझे डोळे दुखत होते म्हणून तो एकटाच गेला. मध्यरात्र उलटल्यावर मी जागा झालो तो हाकेनेच.

"मास्तर."

आवाज ना पुरुषाचा, ना बाईचा. विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मी उठून बसलो आणि दुसऱ्या हाकेची वाट पाहू लागलो. ती आली नाही. दारावर काहीतरी खरवडलं, नखांनी खरवडावं तसं. मी रामरक्षा म्हणू लागलो, मधल्या ओळी विसरलो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. थोड्या वेळाने खरवडणं थांबलं. आपण वाचलो, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

पहाटे सडा घालायला दार उघडलं तेव्हा घरमालकीण किंचाळली. माझा दोस्त ओट्यावर माझ्या दाराला टेकून पडला होता. कपडे दवाने भिजलेले, ओठ निळे. धुगधुगी होती. वैद्यांनी धोत्र्याच्या पानांची धुरी दिली, छाती शेकली. "रात्रीच धुरी मिळाली असती तर," एवढंच म्हणून ते हात धुवायला गेले.

तिसऱ्या दिवशी त्याला थोडं बोलता आलं. मी उशाशी होतो.

"नाक्यावर दम लागला," तो थांबत थांबत म्हणाला. "आठ दारं सोडून तुझ्याकडे आलेलो. आमची माणसं तिसऱ्या हाकेशिवाय उठायची नाहीत. माझ्यात एकाच हाकेपुरता जीव होता. म्हटलं, तू परका आहेस, तू उठशील."

मी म्हणालो, "मला गाढ झोप लागली होती रे."

त्याने मान हलवली. माझ्या हातावर थोपटलं. संध्याकाळी तो गेला.

त्याला मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून खांदा दिला, दिवस घातले, सगळं मीच केलं. तेराव्याला आळी जेवायला बसली. त्या दिवशी मला कुणी मद्रासी म्हटलं नाही. वाढता वाढता घरमालकीण माझ्यापाशी थांबली आणि डोळे पुसत म्हणाली, "मास्तर, तुम्ही आता आमच्यातलेच झालात हो."

ती मनापासून बोलली होती. मी पुढ्यातला भात नुसताच कालवत राहिलो.