शेवटचं नाव नाथाचं

मनुबाईचा डावा डोळा पहिल्यांदा मिटला तो श्रीपादकाकांसमोर. काका पापलेटाचा भाव ऐकून नेहमीसारखं "फार होतात हो" म्हणत होते. कोलशेतची मनुबाई ठाण्याच्या बाजारात पस्तीस वर्षं मासळी विकते. तिथं विकणारणीनं एक डोळा मिटला की त्याचा अर्थ ठरलेला: सौदा झाला, तुलाच देते, आता तोंड बंद ठेव. काका निवृत्त मास्तर, त्यांना बाजाराचा हा कायदा कुठून माहीत असणार! कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले आणि पुढं एक शब्द न काढता पापलेट घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी आले ते इस्त्रीच्या शर्टात. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सौभाग्यवती शालनताई स्वतः पिशवी घेऊन आल्या, आणि त्यानंतर काका काही बाजारात दिसले नाहीत.

शेजारी बसणारी कळव्याची मीराबाई यावर आठवडाभर हसली. मनुबाईनं तिच्याशी बोलणं टाकलं, पण डोळा काही ऐकेना. सकाळी टक्क उघडा, दुपार झाली की दुकानाच्या शटरासारखा अर्ध्यावर. गिऱ्हाइकं सौदा झाला समजून मासळी पिशवीत टाकायला लागली. मनुबाईनं आधी दृष्ट काढली. मग वैतागून एकदा मासळीवरचा बर्फाचा खडा फडक्यात गुंडाळून पापणीवर दाबला, तर डोळा उघडला! थोड्या वेळानं पुन्हा पडला, पण बर्फाला कुठं तोटा होता? असे सहा महिने तिनं काढले. घरी कुणाला पत्ता नाही.

पण पुढं बोंबील चावताना जबडा दमू लागला, आणि संध्याकाळी आवाज नाकातून यायला लागला. तेव्हा मात्र बाई घाबरली, कारण नात समिधाचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. मनुबाई धवलारीण. म्हणजे लग्नाच्या मांडवात धवला गाऊन देवांना आवतण देणारी. आधी गणपती, मग एकवीरा आई, मग गावदेव, खाडीचे देव, शेवटी घरातली गेलेली माणसं, ओळीनं. कुणाला वगळलं तर तो रुसतो. आणि या घरच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभा होता नाथा, मनुबाईचा नवरा, चार वर्षांपूर्वी गेलेला. त्याच्या हयातीत तिनं त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. "अवो" नाहीतर "समिधाचा आजा". आता पहिल्यांदाच घ्यायचं होतं, आणि नेमका तिथं पोचेपर्यंत आवाज टिकणार नव्हता.

समिधा तिला ओढून मेंदू आणि नसांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टर शिवानी नावाची तरुण मुलगी. तिनं वर बघत राहायला सांगितलं, पापणी पडल्यावर हातमोज्यात बर्फ भरून दोन मिनिटं डोळ्यावर धरला. पापणी वर गेली. डॉक्टरीणबाई खूश.

"बाय, यो शोध मी सा महिन्यांपूर्वी लावलाय," मनुबाई म्हणाली.

मग रक्त तपासलं, शॉक देणाऱ्या मशीनवर स्नायू तपासले. शिवानीनं समजावून सांगितलं की मेंदू हुकूम सोडतो, नस तो स्नायूच्या दारापर्यंत नेते, पण दारात तो घ्यायची सोयच बिघडली आहे. पहिले काही हुकूम पोचतात, मग कमी कमी होत जातात. म्हणून वापरला की स्नायू दमतो आणि विसावा दिला की परत उठतो. मनुबाईला लगेच कळलं. गाडी येते, पण माल उतरवून घ्यायला हमाल नाहीत. शिवानी म्हणाली, अगदी तसंच. आजाराचं नाव मायस्थेनिया. मनुबाईनं ते "माय ठाणेनिया" असं ऐकलं आणि बाजारात जाऊन सांगितलं की हा आजार आपल्या ठाण्याचाच आहे, बाहेरच्यांना होत नाही.

गोळ्या सुरू झाल्या, फरक पडला, पण गाणं लांबलं की आवाज बसेच. शिवानीनं बजावलं होतं: गायच्या तासभर आधी गोळी, त्याआधी बडबड बंद, आणि गिळताना किंवा श्वासाला त्रास झाला तर तडक हॉस्पिटल. समिधानं एक सोपा उपाय काढला: आजोबांनाच आधी बोलाव.

"देवांच्या आधी बोलावला, तर तिकडं पन भाव खातील," म्हातारी म्हणाली. विषय संपला.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून मनुबाई गप्प. घर हादरलं. पाहुणे सुनेला बाजूला घेऊन विचारू लागले, सासू कशावरून रुसली? मांडववाल्यानं केळीचा खांब वाकडा लावला, तर बाईनं पळीनं ताट बडवून त्याला खाली उतरवलं. जन्मभर जी तोंडानं बाजार गाजवत आली, ती सकाळभर पळीवर राज्य करत होती.

धवला सुरू झाला. गणपती खणखणीत आला. एकवीरा आई आली. गावदेवाला आवाज नाकात शिरला, खाडीच्या देवांपाशी पापणी पडली आणि पुढचा शब्द ओठांवरच विरला. मनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. नाथा दाराबाहेरच राहणार, एवढंच तिच्या मनात.

तेवढ्यात मागून कुणीतरी तोच सूर उचलला. मीराबाई! आठ महिने अबोला, तरी आवतण दिलं म्हणून आलेली. ती गाऊ लागली. कळव्याच्या देवांची रांग वेगळी, त्यामुळं एका देवाला तिनं आधीच घुसवलं, आणि मनुबाईनं तिच्या मांडीवर सणकन चापट मारून त्याला मागं पाठवलं. समिधा हळदीच्या हातांनी सरबताच्या टोपातला बर्फ घेऊन धावली, आजीच्या डाव्या डोळ्यावर धरून बसली. मनुबाई विसावली. देव एकेक करून आत आले. मग सासरा, सासू, दीर. डावा डोळा उघडला होता. घशात पुन्हा थोडा जीव वाटत होता.

मीराबाईनं शेवटच्या नावासाठी श्वास घेतला. मनुबाईनं तिच्याकडं पाहून डोळा मिटला. उजवा, निरोगी.

सौदा झाला. मीराबाई तिथंच थांबली, आणि नाथाला मनुबाईनं नाव घेऊन हाक मारली.