गाठी बाहेरून

माझ्या लेकीची पहिली टोपी मी चिंध्यांच्या लोकरीची विणली आणि ते कुणापासून लपवलं नाही. लपवलं असतं तर बारशाचा दिवस गोडीगुलाबीने पार पडला असता. पण लपवायला मी काय चोरी केली होती?

ही लोकर डहाणूच्या बाजारात किलोवर मिळते. जुने स्वेटर फाडून, पिंजून, पुन्हा कातलेली. गुजरातेतल्या कुठल्याशा कारखान्यातून येते म्हणे. नव्या लोकरीच्या मानाने फार स्वस्त, पण रंगाचा भरवसा नाही. राखाडी म्हणून घ्यावी तर मध्येच जांभळी निघते. धागाही सलग नसतो. दोन ओळी विणल्या की तुटतो, गाठ मारावी लागते. पोट वाढलं तसं फुग्यांच्या कारखान्यातलं काम सुटलं आणि मी मसोलीला माहेरी येऊन हेच विणत बसले. आधी रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतली, उन्हात वाळवली, गालाला लावून पाहिली. चांगली मऊ होती. तिचा ताठा आधीच कुणीतरी वापरून काढला होता. लेकीचं नाव ठेवताना हीच टोपी तिच्या डोक्यावर असायला हवी, एवढंच मी मनात धरलं होतं.

बारशाला वेवजीहून सासूबाई आल्या. सोबत नणंद आणि शेजारच्या चार बायका. सासूबाई तशा मनाने वाईट नाहीत. वेवजीची थंडी माहीत असल्यामुळे त्या येताना नातीसाठी दुकानातली गुलाबी टोपी घेऊन आल्या होत्या, मोती लावलेली. पाळण्यात वाकून त्यांनी माझी टोपी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे कसलं गं घातलंस पोरीला?"

मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली, "जुन्या लोकरीची आहे, घरात वापरायला केलीय. काढते हं विहीणबाई."

माझी सख्खी आई! त्या एका 'काढते'ने माझं डोकं सणकलं.

"काढायची नाही," मी म्हणाले.

सासूबाईंनी आवाज खाली आणला. "अगं, कोणाकोणाच्या अंगावरचं असेल ते. पहिल्या कार्याला असलं घालतात का?"

आमच्यात बाळाला पहिल्या दिवशी नवं कापड लावत नाहीत. घरातल्या मोठ्या बाईचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून त्यात गुंडाळतात. माझ्या लेकीला गुंडाळलं ते सासूबाईंचंच होतं, त्यांनी आठवणीने पाठवलेलं.

"तुमचं जुनं लुगडं चाललं की," मी सासूबाईंना म्हणाले.

"ते घरचं."

"हेही कुणाच्या तरी घरचंच होतं."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हेही म्हणणार होते, पण आईने माझा दंड असा दाबला की राहून गेलं.

"आणि घातलीय तीही उलटी," सासूबाई म्हणाल्या. माघार घ्यायला त्यांना बहुतेक तेवढीच वाट दिसली. "निदान सुलटी तरी घाल."

टोपीच्या बाहेरून गाठी दिसत होत्या, वीसेक तरी. मी उठेपर्यंत त्यांनी टोपी काढून गाठी आत वळवल्या, लेकीच्या डोक्यावर घट्ट बसवली आणि हनुवटीखाली नाडी बांधली. लेकीने टाहो फोडला. पाळणा हलवला, मांडीवर घेतलं, थोपटलं, तरी थांबेना. मी नाडी सोडून टोपी काढली. कपाळाच्या वर, जावळाच्या कडेला, बारीक लाल ठिपका उठला होता. सासूबाईंनी तो पाहिला. मग टोपीत बोट घालून चाचपलं.

"उलटी नव्हती," मी म्हणाले. "स्वेटर विणताना गाठी आत घेतात, लोकांना दिसू नयेत म्हणून. आपल्या अंगात खाली सदरा असतो, आपल्याला कळत नाही. हिच्या डोक्यावर काय आहे? म्हणून मी एकेक गाठ मुद्दाम बाहेर काढली." माझा आवाज चढला होता आणि रडूही येत होतं. मला दोन्हीची लाज वाटली नाही.

आईने माझा दंड सोडला. नणंदेने फोटोसाठी मोबाईल काढला होता, तो तसाच तिच्या हातात राहिला.

"फोटोत गाठी दिसतील गं," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"दिसू देत. तिला टोचायला नकोत."

मी टोपी पुन्हा गाठी बाहेर करून लेकीला घातली. नाडी सासूबाईंनी बांधली, या वेळी सैल. मग नणंदेने टोपीची कड कानावरून जराशी वर सरकवली आणि माझ्या लेकीला तिचं नाव सांगितलं.