चिठ्ठ्यांचा लगदा करणाऱ्या आक्का

तुम्हाला हे सगळं पहिल्यांदा कुणी सांगितलं? खरं सांगा. 'हे सगळं' म्हणजे काय ते तुम्हाला बरोबर कळलं आहे, नाहीतर तुम्ही आत्ता असं आजूबाजूला पाहिलं नसतं. आईनं सांगितलं? वडिलांनी? शाळेत मास्तरांनी? की विहिरीवर पोहायला येणाऱ्या एखाद्या थोराड मुलानं, आणि तेही निम्मं चुकीचं? हा प्रश्न माझा नाही. मी ज्या छापखान्यात प्रुफं तपासतो, त्याच्या मालकांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आक्कांचा आहे, आणि तो ज्याला विचारला गेलेला नाही असा शहाणासुरता माणूस नगर शहरात आता शोधूनही सापडायचा नाही. जगात लाज वाटली जात होती तेव्हा आक्का बहुधा कुठल्यातरी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिल्या होत्या. त्यांच्या वाट्याला ती कणभरही आली नाही.

आक्कांनी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वयाच्या बायका गीतापाठाला लागतात, आक्का शाळांना लागल्या. शहरातल्या हायस्कुलांत आठवी-नववीच्या मुलामुलींना वयात येणं म्हणजे काय ते नीट सांगायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. पण त्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी काढायची, मुलांशी बोलायला एक धीट डॉक्टर आणि मुलींशी बोलायला एक न लाजणारी डॉक्टरीण गाठायची, दोघांच्या वेळा शाळेच्या तासांशी जुळवायच्या आणि ऐन वेळी डॉक्टर बाळंतपणात अडकले तर स्वतः फळ्यापाशी उभं राहायचं, हे सगळं त्या एकट्या करत. गावातल्या भिंतीभिंतीवर तेव्हा कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवलेले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून आक्का म्हणत, "मुलं किती नकोत ते सरकार लग्न झालेल्यांना सांगतंय. मूल होतं कसं, ते लग्न न झालेल्यांना कोण सांगणार? तो त्रिकोण?"

त्यांचा आवाज दवाखान्याच्या लांबलचक वॉर्डात घडलेला होता. त्यामुळे 'मासिक पाळी' हे शब्द त्या 'दोन फुल, एक हाफ' म्हटल्यासारखे, शेवटच्या बाकापर्यंत पोचतील असे उच्चारत. एकदा श्रीरामपूरच्या गाडीत मी त्यांच्या शेजारी होतो. पुढच्या सीटवरची सासू सुनेला मागं सरकून बस, शिवू नकोस, असं काहीतरी पुटपुटली. आक्कांनी तिथल्या तिथं तास घेतला. राहुरी येईपर्यंत गाडीतल्या पुरुषांनी खिडकीबाहेरचे उसाचे मळे इतके मन लावून पाहिले, की तेवढे ते मळ्यांच्या मालकांनीही पाहिले नसतील. कंडक्टर तिकिटं मोजायचं विसरला. आक्कांनी त्यालाही सोडलं नाही. "काय हो, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" तो म्हणाला, "बाई, गाडी चालू असताना बोलू नका." गाडी राहुरीला थांबली तसा मात्र तो आमच्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "थोरल्या भावानं. पन त्यालाबी काय म्हाईत न्हवतं, हे लग्नानंतर कळलं."

मुख्याध्यापकांशी त्यांची लढाई वेगळीच असे. आक्का समोर बसत, पिशवी मांडीवर घेत आणि परवानगीचा अर्ज पुढे करण्याआधी अत्यंत कुतूहलानं विचारत, "सर, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" त्यात टोमणा नसे. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे. मी असे चार मुख्याध्यापक पाहिले, की ज्यांनी उत्तर देण्यापेक्षा सही करणं पसंत केलं. एका सरांनी सही केली, पण वेळापत्रकात त्या तासापुढे 'सामान्य ज्ञान' असं लिहिलं. आक्कांनी ते खोडलं. "सर, हे ज्ञान सामान्य असतं तर मी चपला झिजवल्या असत्या का?" आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'शरीर वयात येताना'. सरांनी त्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवलं.

व्याख्यानासाठी त्यांनी कापडावर रंगवलेला एक भला मोठा तक्ता करून घेतला होता. तो ज्या पेंटरनं रंगवला, त्याचा हात सिनेमाच्या आणि गणपती मंडळांच्या पाट्यांवर बसलेला. त्यानं गर्भाशयाला सोनेरी झालर लावली आणि दोन्ही बाजूंना दोन कमळं काढली. आक्का म्हणाल्या, "अरे बाबा, हे मखर नाही. अशानं पोरी नमस्कार करतील." पेंटरनं कुरकुरत झालर पुसली, कमळं राहू दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा पाटीखाली आपलं नाव घालायला नकार दिला. पुढे तो तक्ता लावायला म्हणून एका शाळेत आला, दाराआड उभा राहून सगळा तास ऐकला आणि जाताना म्हणाला, "आक्का, मला दोन पोरी हायत. नाव टाकतो खाली. मोठ्या अक्षरात टाकतो."

पण आक्कांचं खरं काम तक्ता गुंडाळल्यावर सुरू होई. आमच्या छापखान्यात कागद कापताना ज्या पट्ट्या उरत, त्यांच्या त्या एकसारख्या चिठ्ठ्या करत. वर्गातल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी आणि एकाच जातीची पेन्सिल. प्रश्न असो वा नसो, प्रत्येकानं चिठ्ठी दोनदा दुमडून डब्यात टाकायची, म्हणजे कुणी विचारलं ते कुणालाच कळायला नको. मग आक्का एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचत आणि उत्तर देत. मुलांच्या चिठ्ठ्यांत 'मिशी लवकर येण्यासाठी काय खावं' इथपासून 'बाजारतळावर तंबू ठोकून बसलेला वैदू म्हणतो की शक्ती जाते, ते खरं का' इथपर्यंत सगळं असे. एकानं विचारलं होतं, 'आवाज फाटला आहे, गॅदरिंगपर्यंत जुळेल का?' आक्का हसल्या नाहीत. "जुळेल. पण पूर्वीचा येणार नाही, नवा येईल. गॅदरिंगला नाटकात म्हाताऱ्याचं काम घे."

शेवटची चिठ्ठी वाचून झाली की पाण्याची बादली पुढे येई. आक्का पदर खोचत आणि सगळ्या चिठ्ठ्या पाण्यात टाकून, भाकरीचं पीठ मळावं तशा दोन्ही हातांनी मळत. पाहता पाहता लगदा होई. तो मुलांना दाखवून म्हणत, "विचारलं, उत्तर मिळालं, संपलं. आता हा प्रश्न कुणाचा नाही." मग सगळा वर्ग एकदम श्वास सोडी. तो आवाज मी विसरलेलो नाही.

मला मात्र तो लगदा बघवत नसे. मी पत्रकं वाचत वाढलेला माणूस. अन्याय दिसला की तो छापायचा, एवढा एकच उपाय मला घरातून मिळालेला. इथं तर वर्गावर्गातून जिवंत जळजळीत अन्याय गोळा होत होता आणि ही बाई तो बादलीत कालवत होती! आक्का मला पेन्सिली वाटायला आणि गोळा करायला नेत. मी मागच्या बाकावर बसून प्रश्न वहीत उतरवू लागलो. आणि एक दिवस आक्का पुण्याला गेल्या असताना मी त्यांतले निवडक बारा प्रश्न गुलाबी कागदावर छापले. वर मथळा, 'समाजा, उत्तर दे!' विचारणाऱ्यांची नावं मला ठाऊकच नव्हती, त्यामुळे ती छापण्याचा प्रश्न नव्हता. आपण किती जबाबदारीनं वागलो, याचा मला अभिमानही वाटला. ती पत्रकं मी स्वतः माळीवाड्याच्या स्टँडवर वाटली.

सातवा प्रश्न असा होता: 'मी शिकण्यासाठी बहिणीच्या सासरी राहते. पाळीच्या चार दिवसांत मला गोठ्यात म्हशीजवळ बसवतात. तिथं अभ्यास केला तर पुस्तक बाटतं का?' त्याखाली मी 'एका कन्याशाळेतली नववीची विद्यार्थिनी' असं छापलं होतं. त्या कन्याशाळेच्या नववीत बहिणीच्या सासरी राहणारी आणि दारात म्हैस असलेली मुलगी एकच होती. हे मला माहीत नव्हतं. त्या आळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणीतरी ते पत्रक बहिणीच्या सासूला वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी मुलगी पत्र्याच्या पेटीसकट गावी परत गेली. आठवड्याभरात त्या शाळेनं आक्कांनाही बंदी केली.

आक्का पुण्याहून परतल्या त्या थेट छापखान्यात आल्या. मी बोलणी खायला तयार होतो. किंबहुना मी माझं भाषणही तयार ठेवलं होतं. त्यांनी पत्रक पुढून वाचलं, उलटून मागून पाहिलं.

"प्रश्न बारा. उत्तरं कुठायत?"

"आक्का, उत्तर समाजानं द्यायचं आहे."

"समाज नववीत आहे का? तिनं तुला विचारलं होतं का, मला विचारलं होतं? चल, चपला घाल."

तिसगावला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. दुष्काळाचं साल. मुलीचे वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. आक्का त्यांच्यासमोर खडीच्या ढिगावर, मुख्याध्यापकांसमोर बसाव्यात तशा बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. चूक आमची, मुलीची नव्हे, हे तीनदा सांगितलं. वडील हातोडी खाली ठेवून ऐकत राहिले.

"आक्का, तुमी म्हंता ते पटतंय," ते म्हणाले. "पन थोरलीचा संसार हाय त्या घरात. तिची सासू म्हन्ती, आमची अब्रू कागदावर छापली. आता धाकटीला तिथं कुठल्या तोंडानं धाडू? तिचं नाव घातलंय मी इथं हजेरीवर. पानी वाहती."

"तिथं नका धाडू. दुसऱ्या गावच्या शाळेत घालू. वसतिगृह आहे, बाई ओळखीच्या आहेत."

"आन तिथंबी कुनी छापलं तर?"

 आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही छापणार." माझं तयार भाषण तेवढंच उरलं होतं.

 मग आक्कांना राहवेना. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो हे सगळं?" वडील खो खो हसत सुटले. "आमाला? आमाला कोन सांगतंय! म्हसरं राखली, म्हसरांनी शिकिवलं." शेजारी खडी फोडणाऱ्या बायाही पदर तोंडाला लावून हसल्या. ते डोळे पुसत म्हणाले, "पोरीला निदान मानसानं सांगावं म्हंता, आसंच ना?"

"असंच."

मुलगी बादली घेऊन आली. तिनं आक्कांना पाणी दिलं, मग मला. "तुमी मागं बसून लिवत हुता," ती म्हणाली. "मला वाटलं, हजेरी लिवताय." मग आक्कांकडे वळली. "पुस्तक बाटत न्हाई, आसं तुमी वर्गात सांगितलं हुतं. ते का न्हाई छापलं?"

जूनमध्ये ती वसतिगृहात दाखल झाली, एक वर्ष मागे राहून. कन्याशाळेचं दार आक्कांना अजून बंदच आहे. तिथल्या मुली नेहमीप्रमाणे ऐकीव आणि निम्म्या चुकीच्या माहितीवर मोठ्या होत आहेत, त्याचं देणं माझ्याकडे लागतं. आक्का मला अजून बरोबर नेतात, पण वर्गात बसू देत नाहीत. मी व्हरांड्यात उभा राहतो. आतून श्वास सोडल्याचा आवाज आला की तास संपला असं समजतो.

हा लेख लिहिण्याआधी मी त्या मुलीला विचारलं. तिनं बराच वेळ विचार केला आणि अटी घातल्या. शाळा बदला, इयत्ता बदला, जनावर बदला. बदललं. गावाचं नाव काय घालू, असं विचारलं तर म्हणाली, "तिसगाव घाला. तिथं मोठा बाजार भरतो. गर्दीत कुनाला कळायचं न्हाई." निघताना तिनं मला थांबवलं. "आता काय विचारायचं आसलं की मी आक्कांच्या कानात विचारते. त्या तुमाला सांगत न्हाईत ना?"

"नाही."

"मग बरं."

या लेखात सगळं बदललेलं आहे. त्या गुलाबी पत्रकात काहीच बदललेलं नव्हतं, आणि त्याच्या पाचशे प्रती मी स्वतः लोकांच्या हातात दिल्या आहेत. नंतर मागत फिरलो तेव्हा परत आल्या त्या एकशे चाळीस. बाकीच्या कुठं वह्यांना कव्हर म्हणून, कुठं फडताळात कागद म्हणून, कुठं दुकानात पुडीसाठी पडून असतील. तुमच्या घरात सापडलं, तर एवढं करा: सातवा प्रश्न वाचू नका, कुणाला वाचून दाखवू नका, आणि ते पत्रक तिथल्या तिथं फाडून टाका.