आईचं रडणं, अर्ध्या वेगात

दाराआड एकटं बसून रडणारं आपलं माणूस तुम्ही कधी चोरून ऐकलंय? ऐकलं असणारच. मग काय केलंत? पाय न वाजवता मागे फिरलात, की कान लावून तिथंच उभे राहिलात? उत्तर मला नको. स्वतःला द्या, आणि मग या बाईबद्दल वाचा.

तिला सगळे टोपवाली म्हणतात. नाटकवाल्यांसाठी आणि आजारपणात केस गेलेल्यांसाठी ती केसांचे टोप विणते. बारीक आकडीनं जाळीतून एक केस ओढायचा, गाठ मारायची, की पुढचा घ्यायचा. कपाळाजवळची एक ओळ होईतो मान धरते. चाळिशी आली, चष्मा लागला, लग्नाचं विचारणारे थकून गप्प बसले. कारखान्यात तिची एक खोड सगळ्यांना माहीत आहे. केस विकायला बाई आली, की बरोबर नवरा असो, भाऊ असो, सासू असो, टोपवाली त्यांना बाहेर बाकावर बसवते, दार लावते आणि त्या बाईलाच विचारते, "तुला द्यायचेत का?" नुसती मान हलवून चालत नाही. तोंडानं सांगावं लागतं. मालक करवादतो, "अगं, गिऱ्हाईक पळवशील तू." ती म्हणते, "पळू दे. कात्री माझ्या हातात आहे."

ही झाली रोजची टोपवाली. रविवारी ती पायपेटी वाजवते, तीही रॉक बँडमध्ये. हसू नका. तिचे वडील पेट्या दुरुस्त करायचे. घराच्या तळमजल्यावरच त्यांचं दुकान होतं, सरसाच्या आणि कातड्याच्या वासाचं. पोरगी बोलायला लागली ती भात्याच्या फुसफुशीतच. तिचा धाकटा भाऊ गिटार वाजवतो. घरात त्याला बारक्या म्हणतात, आता दारातून वाकून आत येतो तरी. बारक्या आणि त्याचा ड्रमवाला मित्र जे वाजवतात त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. म्हणजे गाणं सुरू झालं की तुम्ही जा, भांडी घासा, कपडे वाळत घाला, परत या, ते चालूच असतं, आणि मधल्या मध्ये ताल तीनदा बदललेला असतो.

बारक्याच्या डोक्यात दोन वर्षं एकच खूळ होतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं इंग्लंड. तिथली चित्रं, तिथली घरं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे तिथला शोक. माणूस गेलं की घड्याळ थांबवायचं, आरसे झाकायचे, पत्राच्या कागदाला काळी किनार. मेलेल्याच्या केसांचं पदक करून गळ्यात घालायचं. मेलेल्याला खुर्चीत बसवून घरच्यांसकट फोटो काढायचा. यावर त्याला अख्खी रेकॉर्ड करायची होती, सगळ्या गाण्यांतून एकच गोष्ट. एका विधवेचं घर, एकेका गाण्यात एकेक खोली. नावही ठरलेलं होतं, 'काळी किनार'.

आणि रेकॉर्ड अर्धी झाली असताना वडील गेले.

घड्याळं थांबली नाहीत. टोपवाली आठवड्यानं कामावर गेली. आईनं चारचौघांत डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ती बाई आयुष्यभर तशीच. नवऱ्याला 'मास्तर' म्हणायची, तेही टोमण्यात. "मास्तर, लोकांच्या पेट्या सुरात लावता, आपल्या नळाचं काय?" शेजारणी कुजबुजल्या, काळीज आहे का दगड. महिना झाला आणि बारक्या म्हणाला, रेकॉर्ड पुरी करू, बाबांनाही आवडलं असतं. तळमजल्यावरच्या दुकानात पुन्हा वायरी पसरल्या.

शेवटच्या गाण्यासाठी त्यानं एक आवाज आणला होता. "बाबांच्या पायपेटीचा भाता आहे," तो म्हणाला. "पेटीच्या पोटात माइक ठेवला होता." टेपवरून खोल, जड श्वास येत होता, मध्येच चिरकणारा, मध्येच तुटणारा. ड्रमवाला म्हणाला, "आईशप्पथ, जहाज बुडतंय असं वाटतं." टोपवालीच्या अंगावर काटा आला. त्या श्वासावर तिनं आपली पेटी बसवली. चार महिने दर रविवारी. श्वास जिथं तुटायचा तिथं तिची बोटं थांबायची, तो सावरला की पुढे जायची. असं तिनं आयुष्यात वाजवलं नव्हतं आणि तिला ते कळत होतं. आतापर्यंत ती कोणाची तरी बहीण म्हणून बँडमध्ये होती. या गाण्यानंतर तसं कोणी म्हणणार नव्हतं.

रेकॉर्डच्या प्रती छापून आल्या, त्यानंतर महिनाभरानं एका दुपारी ती दुकान आवरत होती. टेपच्या यंत्राला वेग बदलायची दांडी असते. फडकं मारताना ती दांडी वर सरकली. तिनं सहज म्हणून टेप सुरू केली. आवाज दुप्पट वेगानं, म्हणजे मूळ वेगानं, बाहेर आला.

आई रडत होती.

भात्याची फुसफूस होती, पण ती मागे. पुढे आई. हुंदका आला की आई आधी घसा खाकरते, जणू कोणी हटकणार आहे. तो खाकरा तिनं लाख आवाजांत ओळखला असता. पेटीवर बसून पायानं नुसता भाता मारत, एकही सूर न दाबता आई रडत होती. आणि मध्येच म्हणाली, "अहो." त्या घरात हा शब्द पोरांनी कधी ऐकला नव्हता.

बारक्या आला तेव्हा ती तशीच स्टुलावर बसली होती.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

तो दारातच थांबला. "मुद्दाम नाही केलं ताई. भात्याचा आवाज घ्यायला माइक ठेवला आणि चालू राहिला. मी वर जेवायला गेलो. खाली येऊन ऐकतो तर…"

"ऐकलंस तर पुसायचं."

"पुसवेना मला."

"मग वेग कशाला कमी केलास? कोणाला कळू नये म्हणूनच ना?"

"अगं, माझी पण आई आहे ती. आणि कोणाला कळणारे? तुला तरी कळलं का चार महिन्यांत? तूच म्हणत होतीस, अख्ख्या रेकॉर्डमध्ये एवढंच खरं आहे."

हे वर्मी लागलं. तो जोर धरून बोलू लागला. त्या काळच्या बायका शोक लपवायच्या नाहीत, नवऱ्याचे केस गळ्यात घालून चारचौघांत जायच्या, शोकाचीही एक कला असते.

"त्यांनी स्वतःच्या हातानं घातले, बारक्या. झोपेत कापून दुसऱ्याच कोणी नाही मिरवले."

"हे काढलं तर तुझं वाजवणंही जाईल. सगळं. बाकी गाण्यांत तू नाहीसच. कळतंय ना?"

"कळतंय."

"आईला सांगू नकोस. मोडून पडेल ती."

"मोडून पडायचं का नाही ते तिचं ती ठरवेल. चल वर."

हा 'तिला त्रास नको' म्हणणारा कळवळा मी फार पाहिलाय. मोर्चांत पाहिला, कचेऱ्यांत पाहिला, घरांत तर विचारूच नका. ज्याचं हिसकावून घेतलंय त्यालाच सांगायचं नाही, आणि वर त्याची काळजी करतोय म्हणून मान ताठ ठेवायची.

आई उशांचे अभ्रे शिवत बसली होती. टोपवालीनं तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. आधी रेकॉर्डवरचं ऐकवलं. आई म्हणाली, "छान वाजवलंयस. पण भाता गळतोय, मास्तरांनी ते कातडं बदलायचं ठेवलंच शेवटपर्यंत." मग टोपवालीनं मूळ वेगाची टेप लावली. आईचा हात सुईसकट थांबला. तिनं ती पुरी ऐकली. हेडफोन काढले, घडी केल्यासारखे मांडीवर ठेवले.

"किती जणांनी ऐकलं?"

बारक्या जमिनीकडे बघत होता. "शंभरेक प्रती गेल्यात, आई. पण त्यात ओळखू नाही येत. खरंच."

"आता मला कळलंय ना."

"आई, लोकांना रडू येतंय ते ऐकून. पत्रं येतायत."

"माझ्या रडण्यावर?" आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "परत आणा."

"गेलेल्या प्रती कशा परत आणणार?"

"ते तुम्ही बघा. नेताना मला विचारलंत?"

एवढंच. त्यानंतर तिनं अभ्रा पुरा केला.

उरलेल्या प्रती टोपवालीनं स्वतः मोडल्या, गुडघ्यावर धरून. बारक्यानं शेवटचं गाणं गिटारवर नव्यानं केलं. बरं आहे, असं ऐकणारे म्हणतात. तिला बँडमध्ये पुन्हा वाजव म्हणून तो तीनदा सांगून गेला. ती म्हणते, बोटं त्या श्वासावरच थांबतात, तो नसला की कुठं थांबायचं ते कळत नाही. रविवारी ती आता वेगळंच काम करते. पिशवी घेऊन दुकानं फिरते, ज्यांनी रेकॉर्ड घेतली त्यांचे पत्ते काढते, दार वाजवते. काहींनी दिली. काहींनी बदल्यात दुसऱ्यांदा छापलेली प्रत घेतली. एक गृहस्थ तर म्हणाला, "बाई, पहिल्या खेपेची आहे, उद्या दुर्मिळ होईल." टोपवाली त्याच्या पायरीवर दुपारभर बसून राहिली. त्यानं दिली नाही.

आई बारक्याशी बोलते, जेवायला वाढते. पण खोलीत एकटी बसायची झाली की आधी कपाटामागं बघते, पलंगाखाली वाकून बघते, आणि मगच दार लावते. गुडघे दुखतात तरी वाकते. टोपवाली बाहेरून हे ऐकते आणि पाय न वाजवता कामावर निघून जाते.

आता तुमच्याकडे येतो. 'काळी किनार'ची एखादी प्रत तुमच्या घरात असेल तर उलटून मागची बाजू बघा. पायपेटी वाजवणाऱ्या बाईचा उल्लेख असेल तर ती पहिल्या खेपेची आहे. किती सुंदर आहे ते मला सांगू नका. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लावू नका, कोणाला ऐकवू नका, आणि तुमच्या दारात चष्मा लावलेली, पिशवी घेतलेली बाई आली तर काही न विचारता ती रेकॉर्ड तिच्या हातात द्या.