ग्लेनिसचा फोटो

इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये आमच्या रस्त्यावर बेटिंगची दोन दुकानं होती, अगदी समोरासमोर. त्यातल्या अलीकडच्या दुकानात ग्लेनिस अकरा वर्षं काउंटरवर बसली. मी शनिवारी घोड्यावर दोन पौंड लावणारा म्हातारा. माझ्यासारख्यांवर दुकानाचं वीजबिलसुद्धा निघत नसे. खरा पैसा कोपऱ्यातल्या चार मशीनमधून यायचा. वीस सेकंदांत माणसाचे शंभर पौंड गिळायच्या मेल्या.

काउंटरखाली एक फाइल असायची. ज्याला जुगार आवरत नाही, तो स्वतःच फोटो आणून द्यायचा आणि सांगायचा, मला आत घेऊ नका. तो फोटो मग गावातल्या सगळ्या दुकानांत पोचायचा. ग्लेनिसला ते चेहरे पाठ होते. छपरं शाकारणारा डेस्मंड डोळ्यांवर टोपी ओढून आला, तरी ती त्याला दारातच अडवायची. "डेस्मंड, घरी जा बरं. की बायकोला फोन लावू?" तो गुमान मागे फिरायचा.

आणि हीच बाई जेवणाच्या सुट्टीत समोरच्या दुकानात मशीनपुढे बसायची. मला कळलं तेव्हा रागच आला. विचारलं, लोकांना हाकलतेस, मग स्वतःचा फोटो का देत नाहीस?

"तो आमच्याच फाइलीत येणार ना," ती म्हणाली. "सोमवारी साहेब फाइल चाळतो. मंगळवारी मी घरी."



मग सरकारने जाहीर केलं की मशीनवर एका डावाला दोन पौंडांच्या वर लावता येणार नाही. ग्लेनिसने ते कात्रण फ्रिजवर चिकटवलं. तिचा हात धरायला आता लंडनहून कुणीतरी येणार होतं. पण तारीख लांबली. संसदेत भांडणं झाली, एका मंत्र्याचा राजीनामा झाला, तारीख पुन्हा अलीकडे आली. तिकडे त्यांचे तारखांचे घोळ चालले होते आणि इकडे ग्लेनिसने आईची अंगठी विकली. मला अजून त्या लोकांची चीड येते.

एप्रिलमध्ये कायदा लागू झाला. मशीन थंडावल्या आणि उन्हाळ्यात मालकांनी तिच्या दुकानाला कुलूप ठोकलं. त्याच दुपारी ती माझ्याकडे आली.

"आता कुणाला भ्यायचं? चला, सोबत या."

रस्ता ओलांडून तिने समोरच्या दुकानात फोटो दिला. मला फार बरं वाटलं. मी तिला चहाला घेऊन गेलो.

कप पुढ्यात आले तोच तिचा फोन वाजला. तिच्याच जुन्या कंपनीचा निरोप होता, फोनवर खेळायला पन्नास डाव फुकट. दोन पौंडांचा कायदा दुकानातल्या मशीनपुरताच होता, फोनला तो लागू नव्हता. मी म्हटलं, फोनसाठीही असंच नाव देता येतं म्हणे, आत्ताच देऊन टाक.

"उद्या देते," ती म्हणाली.

चहा संपेपर्यंत ती दोनदा बाथरूमला गेली. दोन्ही वेळा फोन घेऊन.