सगळं एकाच जागेवरून

कोंढ्याच्या लक्ष्मणरावांना आयुष्यात एकच कला साधली, ती म्हणजे खुर्चीवरून न उठता काम केल्याचा आव आणण्याची. चार एकर धानाची शेती बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलेली, एकुलती मुलगी नागपूरला नांदत असलेली आणि घरात मंदाबाई. मग माणसाने उठायचं तरी कशाला? सकाळी इस्त्रीचा शर्ट चढवून पानठेल्यावर जायचं, गावातल्या प्रत्येकाला त्याच्याच धंद्यातलं शहाणपण शिकवायचं आणि दुपारी जेवायला परतायचं, हा त्यांचा दिनक्रम. मंदाबाई आंबागडची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने नवऱ्याला ओळखलं होतं आणि पुढच्या तीस वर्षांत मत बदलावं असं त्याने काही केलं नाही.

"सगळं एकाच जागेवरून घ्यावं, डोक्याले ताप नाई," हा लक्ष्मणरावांचा आवडता सिद्धांत. मुलीच्या लग्नात त्यांनी मांडव, बँड, आचारी आणि नवरदेवाची गाडी असं सगळं पवनीच्या एकाच ठेकेदाराला देऊन टाकलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ठेकेदाराची आई वारली. ठेकेदार गेला, आणि त्याच्यामागे मांडवापासून आचाऱ्यापर्यंत सगळंच गेलं. शेजारच्या बाया गोळा करून मंदाबाईने वऱ्हाडाला जेवू घातलं. मुलीची आई असून तिने अक्षता टाकल्या त्या पिठाच्या हातांनी. लक्ष्मणराव मात्र आजही ती गोष्ट 'त्या वेळी मी कसं निभावून नेलं' अशीच सांगतात, आणि ऐकणारे निर्लज्जपणे मान डोलावतात.

असा माणूस चंद्रकुमारला सापडला नसता तरच नवल. चंद्रकुमार आधी खांबावर चढून केबलच्या तारा ओढायचा. मग त्याने बस स्टॉपजवळ काचेचं दुकान थाटलं आणि वर पाटी लावली: 'एक घर, एक बिल'. टीव्ही त्याचा, वायफाय त्याचं, पिण्याच्या पाण्याच्या कॅन त्याच्या, इन्व्हर्टर भाड्याने तोच देणार, सिलिंडरही तोच आणून देणार. वेगवेगळं घेतलं तर इतके, आपल्याकडे इतके, असं तो मोबाइलवर बोटं नाचवत दाखवायचा. गावात पहिलं प्याकेज घेतलं लक्ष्मणरावांनी. घेतलं ते घेतलं, वर गॅसच्या कार्डावरचा स्वतःचा मोबाइल नंबर काढून चंद्रकुमारचा नंबर टाकून आले.

"ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जाते आता. आपल्याले कटकटच नाई," ते घरी येऊन छाती फुगवून म्हणाले.

"घराची किल्ली बी देऊन या ना मंग त्याले," मंदाबाई म्हणाली.

"तुले हिशोब समजत नाई. महिन्याचे पैसे वाचून राहिले आपले."

मंदाबाईला हिशोब चांगला समजत होता. त्यांच्या विहिरीचं पाणी गोड. त्यात डाळ अशी शिजायची की शेजारणी घागर भरून न्यायच्या. कॅन घरात कधी आलीच नव्हती. वायफाय नव्हतं, इन्व्हर्टरही नव्हतं. लाइट गेली की ओसरीवर बसायचं, एवढंच. आता या तिन्ही गोष्टी प्याकेजात आहेत म्हणून घरात आल्या आणि त्यांचे पैसे दर महिन्याला जाऊ लागले.

"जे आपण कधी घेतच नवतो, ते सस्त्यात घेतलं," ती म्हणाली. "त्याले बचत म्हनतेत काय?"

लक्ष्मणरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. बायको बरोबर बोलली की त्यांचा हात आपोआप रिमोटकडे जायचा.

दिवाळी झाली आणि मंडईचे दिवस आले. आमच्या भागात मंडई म्हणजे गावचा वर्षाचा सण: दिवसा बाजार, लेकीबाळी माहेरी, पाहुणे दारात आणि रात्रभर नाटक. नाटक कंपनी वडशाहून येणार, आणि तिच्या चाळीसेक माणसांना जेवू घालणं हे गावाचं काम. दरवर्षी मंडई कमिटी भंडाऱ्याहून आचारी आणायची. यंदा कमिटीचे अध्यक्ष हिरालाल घरी आले आणि म्हणाले, "काकू, औंदा कंपनीचं जेवन तुमच्याकडे. पैसे रीतसर देऊ."

मंदाबाईने तिथेच होकार दिला. गावातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीत तिने मोठ्या गंजात उलथणं फिरवलं होतं, पण ते नेहमी फुकट. 'काकूच्या हाताले चव आहे' एवढं बोललं की लोकांची फेड व्हायची. हे काम पहिल्यांदाच तिचं होतं, तिच्या नावाचं, मोबदल्याचं. हे जेवण गोड झालं तर आजूबाजूच्या गावांच्या मंडयाही तिला बोलावणार होत्या, हे तिला ठाऊक होतं. तिने मसाले कुटले, बेसन आणलं, तेलाचा डबा आणला, आणि कितीतरी वर्षांनी काम करताना गुणगुणली.

मग नाटकाचं पोस्टर लागलं.

आमच्याकडच्या नाटकाच्या पोस्टरवर नट कमी आणि मान्यवर जास्त असतात. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, आणि मग 'प्रमुख उपस्थिती' म्हणून अर्धं गाव. त्या नावांसाठी शहाणीसुरती माणसं लहान पोरांसारखी रुसतात. यंदा उद्घाटक होता चंद्रकुमार, आणि लक्ष्मणराव प्रमुख उपस्थितीच्या गर्दीत, पार तळाला, फोटोसुद्धा नाही. त्यांनी पानठेल्यावर थुंकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पान्याच्या कॅनी वाहनारा उद्घाटक! गावाची इज्जतच गेली."

पानठेल्यावरून बस स्टॉप कितीसा लांब? दुसऱ्या दिवशी टीव्ही निळा पडला, वायफायचा लाल दिवा लागला, कॅन आली नाही, आणि भरून आणायला नेलेले सिलिंडर परत आलेच नाहीत. दुसरीकडून मागवावेत तर नंबर चंद्रकुमारचा. एका थुंकीत सगळं घर बंद.

मंदाबाई स्वतः दुकानात गेली. चंद्रकुमार उठून उभा राहिला. त्याचं गोड बोलणं त्याच्या बिलाहून जास्त लागायचं.

"काकू, तुमच्याशी माहं काही नाई. काकांनी येऊन एक शब्द बोलावं, बस. लगेच चालू करून देतो."

घरी येऊन तिने नवऱ्याला तसं सांगितलं. "मी? त्याच्यापुढं?" लक्ष्मणराव गरजले. इज्जतीचा प्रश्न होता म्हणे. जी इज्जत पोस्टरच्या तळाला फोटोविना छापली गेली होती, ती.

मंदाबाईने पुन्हा विनवलं नाही. तिने अंगणात विटा रचून, मातीने लिंपून दोन चुली मांडल्या, शेजाऱ्यांच्या बैलबंडीतून आंब्याची लाकडं आणवली, विहिरीचं पाणी ड्रमात भरलं. गॅसविना चाळीस माणसांचा स्वयंपाक करण्यात तिला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. असे स्वयंपाक तिने जन्मभर केले होते. मंडईच्या आदल्या संध्याकाळी सगळी तयारी झाली. हाताला लागलेली माती धूत असताना तिला घरातून टीव्हीचा आवाज ऐकू आला.

लक्ष्मणराव खुर्चीत बसून होते, चेहऱ्यावर कर्तृत्वाचं तेज.

"मिटवलं सगळं," ते म्हणाले. "चंद्रकुमार साधा मानूस आहे. मले सहउद्घाटक करून राहिले आता. पोस्टरवर चिठ्ठी डकवनार आहेत माह्या नावाची, फोटोसहित."

"माफी मागली?"

"माफी कायची? व्यवहार केला." त्यांनी पाय लांब केले. "त्यानं आता जेवनाचे ठेके बी घेनं सुरू केलं आहे. मी हिरालालले सांगून टाकलं, आमच्यानं होनार नाई, चंद्रकुमारलेच द्या. कमिटीले बी सस्तं पडलं, सगळं एकाच जागेवरून. अन् तुले तरी काहून एवढा त्रास? चाळीस मानसाचं जेवन!"

मंदाबाई दारात उभी राहिली. मागे अंगणात नव्या चुलींची माती अजून ओली होती. तिचं पहिलं काम या माणसाने एका चिठ्ठीवरच्या फोटोला विकलं होतं, आणि वर तिच्यावर उपकार केल्यासारखं सांगत होता. तिला रडू आलं नाही. तिला किळस आली, ताटात केस निघावा तशी.

"बरं झालं," ती शांतपणे म्हणाली. "चंद्रकुमारनं एक गोष्ट शिकवली मले. सगळं एकाच्याच हातात असलं, तर त्यानं हात काढला का सगळंच बंद होते."

"होते ना. म्हनूनच तर मिटवलं मी."

"तुमाले तीस वर्षं जेवन, धुनं, पानी, दवाई, पाहुनचार, सगळं एकाच जागेवरून भेटून राहिलं. ते आजपासून बंद."

लक्ष्मणराव हसले. "मजाक करून राहिली का?"

"नाई. उद्या मी त्याच चुलीवर भजी तळनार, मंडईत विकनार. पैसे माहे. तुमचं तुमी पाहा."

ती अंगणात गेली. नव्या चुलीत जाळ घातला, एकटीपुरता भात टाकला आणि पाटावर बसून सावकाश जेवली. आतून दोनदा हाक आली. तिसऱ्यांदा हाकेत थोडी काळजी होती. मग टीव्ही बंद झाला. लक्ष्मणराव खुर्चीवरून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. एकामागून एक डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज तिला बाहेर ऐकू येत राहिले. चार एकर धानाच्या त्या मालकाला स्वतःच्या घरात तांदूळ सापडत नव्हते.