अण्णांनी पुरी केलेली काठी

मुलांनो, अण्णाआजोबा गेल्याची तार अकोल्याला दुपारी आली आणि अंधार पडायच्या आत मी मूर्तिजापूरवरून अमरावतीला पोचले. तुम्हाला विलायतेत बातमी तुमच्या वडिलांनी कळवलीच. माणूस कसा होता ते मी लिहीन म्हणाले आणि रोज पुढे ढकलत राहिले. माझ्या या थोरल्या भावाविषयी लिहायला बसलं की मी एकाच दुपारपाशी येऊन थांबते, आणि त्या दुपारची आम्हा सगळ्यांनाच लाज वाटते. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी आग्रह केला म्हणून आज लिहिते आहे. कात्रण तुम्हाला पाठवीन.

अण्णा अमरावतीतल्या एका लहानशा संग्रहालयाचे व्यवस्थापक होते. दोन खोल्या, एक पडवी, काचेची कपाटं आणि मागे त्यांचं दुरुस्तीचं टेबल. तुटकी मूर्ती, कडी गेलेला अडकित्ता, काहीही आलं की ते आधी टेबलावर जायचं. अपुरी वस्तू लोकांपुढे मांडणं म्हणजे पाहुण्याला फाटक्या पत्रावळीवर वाढणं, असं ते म्हणत. त्यांच्या हाताला गुण होता. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नसे.

बासष्ट-त्रेसष्टचा सुमार असेल. दुसरीकडून शहरात राहायला आलेल्या माणसांच्या वस्तू मांडाव्यात, असं त्यांच्या मनात आलं. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं, धारणीकडच्या डोंगरांतून कामाला उतरलेले कोरकू आदिवासी, आणि छप्पन सालच्या दीक्षेनंतर गावकीची कामं टाकून शहराची वाट धरलेले बौद्ध लोक. काम वाटून घेतलं होतं. अकोल्याची आमची इतिहास मंडळी घरोघर जाऊन हकिगती ऐकणार आणि वस्तू मिळवणार, अमरावतीनं त्या मांडायच्या. पाट्यांचा इंग्रजी मजकूर माझ्याकडे होता. हकिगत ऐकणारे एका गावात आणि वस्तू हाताळणारे दुसऱ्या, यात काही चूक आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

मी शिकवत होते त्या शाळेत इतिहास शिकवणारे वानखडे सर या कामात सगळ्यांत पुढे होते. त्यांचे वडील सोनबाजी नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यात पिढीजात गावकी करायचे. निरोप पोचवायचे, दवंडी द्यायचे, मेलेली ढोरं ओढायचे. त्या कामाची घुंगरांची काठी असे. ती घरापुढे वाजवायची आणि अंगणाबाहेर उभं राहायचं, म्हणजे शिवाशिव होऊ नये. तसली काठी वाजली की आमच्या लहानपणी आमची आई घाईघाईनं वाळवण आत घ्यायची, हे मला आठवतं. सोनबाजी गाव सोडून मुलाकडे अकोल्याला आले तेव्हा काठी बरोबर आणली होती. ती द्यायला ते तयार नव्हते. सरांनी बरेच दिवस मनधरणी केली. "आपण कुठून निघालो ते लोकांनी बघू दे, बाबा," एवढंच ते सांगत. शेवटी म्हातारा राजी झाला आणि हकिगतीवाचून नुसती काठी अमरावतीला गेली.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला पाहुणे म्हणून एक मोठे अधिकारी आले होते. सोनबाजी पांढरं धोतर, नवा कोट घालून पहिल्या ओळीत खुर्चीवर बसले होते. भाषण करताकरता पाहुण्यांनी मेजावरची काठी उचलली आणि कौतुकानं हलवली. घुंगरं खणखणीत वाजली.

सोनबाजी उठले. कुणाकडे न बघता ते खोलीतून, पडवीतून खाली उतरले आणि अंगणाच्या पार टोकाला उन्हात जाऊन उभे राहिले, मान खाली घालून.

त्यांना बरं वाटत नसेल असं समजून अण्णा मागोमाग गेले. मीही गेले.

"सोनबाजी, सावलीत या. इथे का उभे?"

"घुंगरू कोनं लावले?"

"मी लावले. काठी अपुरी होती ना."

"अपुरी नोती, साहेब. गाव सोडलं त्या दिवशी माह्या हातानं तोडले होते मी. थेच तर दाखवाले आनली होती." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पाय आपोआप आले इथं. मले ठावकंच नाई."

वानखडे सर पडवीच्या पायरीवर उभे होते. त्यांनी वडिलांना चार माणसांत खुर्चीवर बसवायला आणलं होतं... त्यांचा चेहरा मी फार वेळ पाहू शकले नाही. तुटक्या घुंगरांची गोष्ट त्यांना ठाऊक होती. काठीकडे पाहून ती कुणालाही कळेल, असं ते धरून चालले होते.

अण्णांनी घुंगरं तिथल्या तिथे काढली. काठी बापलेकाबरोबर परत गेली. पुढच्या रविवारी अण्णा अकोल्याला आले आणि मला घेऊन वानखड्यांच्या घरी गेले. ते क्षमा मागायला आले होते. सुनेनं चहा आणला. सोनबाजींनी आपला कान तुटलेला कप अण्णांपुढे धरला.

"ह्याले बी कान लावून देता का, साहेब?"

अण्णांनी मान खाली घालून डोळे पुसले.

"हासा ना आता. मी हासून राहिलो, तुमी काहून रडता?"

चहा झाल्यावर अण्णांनी विचारलं, काठी पुन्हा, जशी होती तशी, मांडू द्याल का?

"थे चुलीत गेली," सोनबाजी म्हणाले. "पोराले म्हटलं, आता कोनाले काई दाखवाचं नाई."

मग हकिगत तरी सांगाल का, असं विचारायचं अण्णांच्या ओठावर आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं. वानखडे सर पुढे शाळेत माझ्याशी नीट बोलत, पण मंडळीच्या बैठकांना परत आले नाहीत. ज्या गोष्टीसाठी त्यांनी बापाची मनधरणी केली होती, ती गोष्ट कुठेच मांडली गेली नाही. प्रदर्शनाचं कौतुक झालं, वर्तमानपत्रात छापून आलं. अण्णांनी ते कात्रण घरात ठेवू दिलं नाही.

तुम्ही अण्णाआजोबांचा फोटो मागितलात. शोधले तेवढे सगळे त्या दुपारनंतरचे निघाले, आणि प्रत्येकात ते हात पाठीमागे बांधून उभे आहेत. लोकांना तो रुबाब वाटायचा. कुणाच्याही घरात, कुठल्याही वस्तूपुढे ते तसेच उभे राहत. कुणी एखादी वस्तू पुढे केली तर आधी विचारत, "हात लावू का?" आणि उत्तर येईपर्यंत हात मागेच ठेवत. शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी औषधाची वाटी धरली, तेव्हाही त्यांनी मला तेच विचारलं.